बेअरिंग तापलं होतं

परवा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात निशिकांतराव माइकवर म्हणाले, "आपल्या मंडळाच्या अथक पाठपुराव्यामुळे शैलेंद्रराव सुखरूप घरी आले." टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीत बटाटेवडा खात बसले होते, तो तसाच बशीत ठेवला. पाठपुरावा म्हणे. मी त्या कुटुंबाच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहते, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतेय. ज्याला मंडळाचं ऐकायचं असेल त्याने खुशाल मंडळाचं ऐकावं.

शैलेंद्र मूळचा दापोलीचा. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. हा मुंबईत जहाजदुरुस्तीच्या गोदीत लागला, तिथून परीक्षा देत देत चीफ इंजिनियर झाला, आणि लग्नानंतर बिऱ्हाड सिंगापुरात आणलं. बायको उल्का इथे टॅम्पिनीसमध्येच बालवाडीत शिकवते. मुलगी मैत्रेयी ज्युनियर कॉलेजला. आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं मोजकीच, आणि त्या सगळ्या घरांचे मिक्सर शैलेंद्रच्या हातून गेलेले. मराठीच कशाला, माझ्या शेजारच्या चिनी आजीचा राइस कुकरसुद्धा. सुट्टीवर आला की लोक त्याच्या दारात उभे, आणि हा पठ्ठ्या एक डॉलर न घेता सगळ्यांचं करून द्यायचा.

मला मात्र बोलणी बसायची. "सुमित्राकाकू, हा मिक्सर एक दिवस तुमच्या हातून मरणार. सुकी चटणी वाटताना मध्ये मध्ये थांबत जा. तापलं की थांबायचं, एवढंच आहे सगळं शास्त्र." मी म्हणायचे, तू जहाजावर थांबत जा रे बाबा, माझ्या शेंगदाण्यांना उशीर होतो. मग तो हसायचा, मिक्सरला हात लावून डोळे मिटायचा आणि बुश गेलंय की ब्रश गेलाय ते उघडण्याआधीच सांगायचा. माझे मिस्टर गेल्यापासून माझ्या घरातलं कुठलंही यंत्र मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

आणि जहाजावर तो थांबला, तेच नडलं.

त्यांचं जहाज एका देशाच्या किनाऱ्याजवळून चाललं होतं. देशाचं नाव मी घेणार नाही, वकीलबाईंनी अजून मनाई केलीय. इंजिनाचं एक बेअरिंग तापायला लागलं आणि आत तेलाची वाफ साठल्याचा अलार्म वाजला. ही वाफ पेटली तर इंजिन फुटतं आणि खाली कामाला असलेली माणसं जिवंत भाजतात. शैलेंद्रने वर कप्तानाला कळवलं, मी इंजिन थांबवतोय. कप्तान म्हणाला, जरा दम धर, शेजारी नौदलाचा मनाई असलेला पट्टा आहे आणि पाणी तिकडेच ओढतंय. शैलेंद्र म्हणाला, माझी माणसं खाली आहेत. आणि थांबवलं.

जहाज वाहत त्या पट्ट्यात गेलं. तिथे समुद्राच्या तळाशी त्यांच्या नौदलाची कसलीशी केबल होती. बंदुका घेऊन बोटी आल्या आणि सगळ्यांना उचलून नेलं. हळूहळू बाकीचे सुटले. कप्तानही सुटला, कारण त्याने थांबायला नको म्हटल्याचं रेकॉर्डिंग होतं. अडकला तो शैलेंद्र. त्यांच्या तज्ज्ञांनी इंजिन उघडून पाहिलं तर बेअरिंगला फारसं काही झालेलंच नाही. अरे, होईल कसं? वेळेत थांबवलं म्हणून तर शाबूत राहिलं. पण त्यांनी अर्थ लावला की बेअरिंग शाबूत आहे, म्हणजे हा खोटं बोलतोय, म्हणजे याने केबलवर मुद्दाम जहाज उभं केलं. जळून कोळसा झालं असतं तर महिनाभरात घरी आला असता. खालची दोन-तीन पोरं मेली असती, पण हा घरी आला असता.

त्याला ठेवलं एका बेटावर, सैन्याच्या कोठडीत. ती त्यांच्या देशातल्या बंडखोरांसाठी उघडलेली. तिथे आरोप ठेवायची गरज नाही, खटला नाही, मुदत नाही. सैन्याला संशय आहे, एवढं पुरे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे फाशीसुद्धा नाही, नुसतं बसवून ठेवायचं.

उल्का पहिले काही महिने शांत होती. दर्यावर्द्याची बायको ती, वाट बघायची तिला सवय. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं होतं, बदली माणूस वेळेवर येत नाही, हे तिने किती वेळा पाहिलेलं. कंपनीने सांगितलं, पेपरात जाऊ नका, आम्ही बघतोय. ती गेली नाही. माझा जीव खालीवर व्हायचा. मी म्हटलं, अगं, हे कॉन्ट्रॅक्ट नाही, कोठडी आहे. तर म्हणाली, "काकू, मी ओरडले तर मैत्रेयीला कळेल की मी घाबरलेय."

मग त्या देशात त्या कोठडीवरून वाद पेटला. त्यांच्या वरच्या कोर्टाने सरकारला विचारलं, खटल्याशिवाय माणसं किती दिवस ठेवणार, ही जागा बंद का करू नये? आमच्याकडे रोज संध्याकाळी मैत्रेयी लॅपटॉपवर त्या चर्चा लावायची आणि आम्ही तिघी बघायचो. एकीकडे वकील. ते म्हणायचे, गुन्हा केला असेल तर कोर्टात उभं करा, नसेल तर दार उघडा, तिसरा रस्ता कायद्यात नाही. दुसरीकडे निवृत्त जनरल. ते म्हणायचे, पुरावा गुप्त आहे, कोर्टात आणला तर आमची माणसं उघडी पडतील. आणि सोडलं तर हे उद्या परत हत्यार उचलतील. त्यातला एक मिशीवाला म्हणाला, "निरुपद्रवी होते ते आम्ही केव्हाच सोडले. आता जे उरलेत ते धोकादायकच आहेत." का धोकादायक, तर उरलेत म्हणून. आणि का उरलेत, तर धोकादायक म्हणून. असं डोकं असतं तर माझा नातू गणितात नापास झाला असता.

पण एक बाई आली होती चर्चेत. तिचा नवरा बाजारातल्या स्फोटात गेलेला. ती म्हणाली, आतल्यांना सोडलंत तर मी माझ्या मुलाला बाजारात कशी पाठवू? मला तिचा राग येईना. उल्का पडद्याकडे बघतच म्हणाली, "तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं." मैत्रेयी इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावत उसळली, "आई, बाबा इज इनसाइड ला. तू तिच्या बाजूने कशी बोलतेस?"

शेवटी कोर्टाच्या दडपणाने सरकारने एक रिव्ह्यू बोर्ड नेमलं. प्रत्येक कैद्याची फाइल बघायची आणि तीन गट पाडायचे. सोडायचे ते, खटला चालवायचे ते, आणि ज्यांच्यावर खटलाही चालवता येत नाही आणि ज्यांना सोडताही येत नाही ते. आमची वकीलबाई ऋचा, इथेच जहाजांच्या खटल्यांचं काम करते, ओळखीखातर सगळं बघत होती. तिने तिकडून बातमी काढली की शैलेंद्र पहिल्या गटात आहे. सोडायच्या. फक्त त्याच्या समाजातून त्याच्याबद्दल दोन शब्द हवेत. ऋचाने बजावलं, "अगदी साधं लिहा. संसारी माणूस, राजकारणाशी संबंध नाही, सुट्टीत घरी असतो. बस. आणि मला दाखवल्याशिवाय काही पाठवू नका."

आता आपल्या लोकांना साधं लिहा म्हणून सांगणं म्हणजे काय ते तिला कळलं नाही, बिचारीला.

अटक होण्याच्या आदल्या वर्षी मंडळाने शैलेंद्रचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, हार, सगळं साग्रसंगीत. परिचय करून दिला निशिकांतरावांनी. निशिकांतराव आयटीतले मॅनेजर, पुण्याचे, राहायला बिशानला, आणि समुद्राशी संबंध फक्त सेंटोसाच्या बीचपुरता. पण परिचय म्हटला की माणूस हातभर फुगवून दाखवायचा, ही आपली रीतच. जो एक टेकडी चढला तो गिर्यारोहक, ज्याने चार कविता केल्या तो महाकवी. शैलेंद्र गोदीत उमेदवारी करत असताना शेजारच्या धक्क्याला कधी तरी नौदलाची बोट लागली होती, एवढ्यावरून निशिकांतराव सुरू झाले. "नौदलाच्या युद्धनौकांवर ज्यांचे हात फिरले आहेत... समुद्रतळाच्या केबली असोत की पाणबुडीचं इंजिन, शैलेंद्ररावांना काहीही परकं नाही... डोळे मिटून जहाज कुठे आहे ते सांगतील, आणि मनात आणलं तर भर समुद्रात ते नुसत्या बोटावर थांबवतील!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. शैलेंद्र खाली मान घालून हाराची फुलं तोडत बसला होता. नंतर तो उठून म्हणाला, "अहो, मी साधा मेकॅनिक आहे. यातलं निम्मंसुद्धा खरं नाही." पण ते व्हिडिओत नाही, कारण तोवर सगळे जेवायला उठले होते आणि शूटिंग करणारा सगळ्यांत पुढे होता.

निशिकांतरावांना तो व्हिडिओ आठवला. ऋचा कामासाठी लंडनला होती, मुदत संपत आली होती, तिला दाखवायला कुणी थांबलं नाही. ते उल्काच्या घरी आले आणि म्हणाले, "संसारी माणूस, सुट्टीत घरी असतो, हे काय सांगणं झालं? असं तर कुणाबद्दलही म्हणता येईल. वहिनी, समाजात आपल्या माणसाला काय मान आहे हे त्यांना दिसू दे की. व्हिडिओ जाऊ दे." उल्का एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा जरा सैल झालेली दिसली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती म्हणाली, "हो, दिसू दे. तिथे त्याला कुणी नावानेसुद्धा हाक मारत नसेल. दिसू दे कोण आहे तो."

मैत्रेयीने खाली इंग्रजी वाक्यं टाकली. पोरगी हुशार, एक शब्द सोडला नाही. युद्धनौका, केबली, पाणबुडी, बोटावर जहाज, सगळं सुरेख इंग्रजीत. मी शेजारी बसून चहा पीत होते आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आपल्याला असली भाषणं ऐकायची इतकी सवय की त्यात माहिती असते हे आपण विसरूनच जातो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बोर्डाने व्हिडिओ पाहिला आणि शैलेंद्रला पहिल्या गटातून उचलून तिसऱ्यात टाकलं. नौदलाची कामं केलेली, केबलींची जाण असलेला, जहाज हवं तिथे थांबवू शकणारा, आणि हे कुणी शत्रूने नाही, त्याच्याच समाजाने अभिमानाने सांगितलेलं. लंडनहून ऋचाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणायचं असतं, कौतुक?" स्वतः पार्ल्याची आहे, तिला काय माहीत नाही. उल्का फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी घासत होती. मैत्रेयीने तो व्हिडिओ लॅपटॉपवरून काढून टाकला, आणि त्यानंतर माझ्याशी मराठीत बोलायचीच बंद झाली.

मी निशिकांतरावांना खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, गाठलं आणि सगळ्यांदेखत बोलले. काय काय बोलले ते इथे नको. ते म्हणाले, "काकू, आमचा हेतू चांगला होता." तुमचा हेतू चुलीत घाला, म्हटलं.

आणि मग कोर्टाने निकाल दिला, की कोठडी बंद करा. बातमी आली तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर नुसता पूर. हात जोडलेले, दिवे लावलेले, झेंडे. निशिकांतरावांनी लिटल इंडियातून पेढे आणून वाटले. माझ्या दारात आले तर मी बॉक्स हातात घेतला नाही. कारण निकालात जागा बंद करा असं म्हटलं होतं, माणसं सोडा असं म्हटलं नव्हतं. पहिल्या गटाला सोडलं, दुसऱ्याला कोर्टात नेलं, आणि तिसऱ्या गटाला आत वाळवंटाकडच्या सैनिकी तुरुंगात हलवायचं ठरलं. वकील म्हणाले, कायदा जिंकला. जनरल म्हणाले, सुरक्षेला धक्का लागला नाही. सगळ्यांचं समाधान झालं. बेटावरच्या रिकाम्या बराकी टीव्हीवर दाखवल्या, आणि तो मिशीवाला तिथे उभा राहून मुलाखत देत होता.

हलवायच्या आधी त्यांनी शैलेंद्रपुढे एक पर्याय ठेवला. त्याने कबूल करायचं की इंजिन थांबवणं ही त्याची चूक होती. त्याला यंत्र नीट कळलं नाही, घाबरला, निष्काळजीपणा झाला. इंजिनियरचा परवाना परत करायचा, पुन्हा जहाजावर पाय ठेवायचा नाही, त्यांच्यावर दावा लावायचा नाही. मग तो घातपात करणारा ठरत नाही, नुसता नालायक ठरतो, आणि नालायक माणसाला घरी पाठवता येतं. नाही म्हणाला तर वाळवंट. शैलेंद्रने नाही म्हणून सांगितलं.

म्हणून त्यांनी उल्काला व्हिडिओ कॉल लावून दिला. तिने मला सोबत बसवलं. नियम असा होता की इंग्रजीतच बोलायचं, मागे बसलेल्या अधिकाऱ्याला कळलं पाहिजे. वीस वर्षं ज्या बाईने नवऱ्याशी इंग्रजीचा शब्द काढला नाही, ती ऑफिसात बोलावं तसं बोलत होती. पडद्यावर तो दिसला. ओळखीचं फक्त कपाळ राहिलं होतं. ती म्हणाली, प्लीज साइन. तो म्हणाला, आय डिड करेक्ट थिंग. ती म्हणाली, आय नो, बट साइन. त्याने मान हलवली. मग ती एकदम कोरड्या आवाजात म्हणाली, की तू काही फार मोठा इंजिनियर नाहीस. यू आर ऑर्डिनरी. एव्हरीबडी नोज. निशिकांतरावांनी उगाच चढवलं तुला. तुला घाबरायला झालं आणि तू थांबवलंस, त्यात काय एवढं.

हे ती अधिकाऱ्यासाठी बोलत होती. मला ते कळत होतं, आणि त्यालाही कळत असणार. पण तो तिच्याकडे बघत राहिला. आणि मग मराठीत म्हणाला, "उल्का, बेअरिंग तापलं होतं."

मागच्या माणसाने कॉल तोडला.

शैलेंद्रने सही केली. चांगी विमानतळावर आम्ही गेलो होतो, मी, उल्का आणि मैत्रेयी. मंडळाला कळवलं नव्हतं. तो आला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या पाया पडायला वाकला. आता जेवतो, झोपतो, उल्काबरोबर बाजारात जातो. ती अजून त्याच्याशी त्या कॉलबद्दल बोललेली नाही. मला म्हणाली, "काकू, तो माणूस मागे होता म्हणून मी तसं बोलले, हे त्याला माहीत आहे हो. पण मी ते इतकं चांगलं बोलले."

गेल्या आठवड्यात मला वाटलं, माणसाला हाताला काम हवं, तर बरा होईल. माझा मिक्सर घेऊन खाली गेले. तो बुश गेल्यासारखा घरघर करत होताच. शैलेंद्र टेबलापाशी बसला होता. मी म्हटलं, बघ रे जरा, आवाज करतोय. तो म्हणाला, "काकू, मला नाही कळत त्यातलं. दुकानात दाखवा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, कळत नाही काय, बघू किती कळत नाही ते. तिथेच त्याच्या टेबलावर प्लग लावला, उल्काच्या डब्यातले शेंगदाणे भांड्यात ओतले, पाण्याचा थेंब न घालता, आणि मिक्सर सुरू केला. थांबवलाच नाही. मला वाटलं, हा ओरडेल, नेहमीसारखा, काकू बंद करा म्हणून. घरघर वाढली. मग जळका वास सुटला. उल्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शैलेंद्रची मान वळली, कान तिकडे लागले, उजवा हात मांडीवरून उचलला गेला, बटणापर्यंत येणार इतका. मग त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि परत मांडीवर ठेवला.

खालून धूर यायला लागला. तो बघत राहिला, आणि मिक्सर आपोआप बंद पडला.